नाताळची वजडी

लग्न होऊन मी काळेवाडीत आले तेव्हा पहिल्याच महिन्यात सासूबाईंना सांगून टाकलं होतं, की या घरात कोंबडी येईल, मटण येईल, अंडी येतील. पण वजडी येणार नाही. बकऱ्याचं पोट आणि आतडी ही माणसांनी खायची वस्तू आहे हेच मला पटत नव्हतं. माझे वडील नगरला मिशनच्या शाळेत हेडमास्तर. आमच्याकडे टेबलावर जेवण असायचं, जेवणाआधी प्रार्थना असायची, आणि वजडीचं कुणी नुसतं नाव काढलं तरी आई म्हणायची, "ते मागं टाकून आलोय आपण." सासूबाई, म्हणजे सोजरबाई, माझं बोलणं ऐकून "बरं" एवढंच म्हणाल्या. पारनेरकडच्या खेड्यातून मुलाच्या मागोमाग इथं आलेली बाई. शिकलेल्या सुनेशी वाद घालायचा नाही असं त्यांनी येतानाच ठरवलं असावं.

चार वर्षं मी तो नियम पाळून घेतला. आणि चौऱ्याहत्तर सालच्या नाताळला ती वजडी आमच्या घरात शिजली. मागणी होती पाठकसाहेबांची.

मधुसूदन पाठक हे माझ्या नवऱ्याच्या, शांतवनच्या, कंपनीत स्टोअरचे मुख्य. शांतवन त्यांच्या हाताखाली तीन वर्षं टेम्पररी होते. दर सहा महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवा कागद. येत्या मार्चमध्ये चार जणांना कन्फर्म करणार अशी बातमी होती आणि नावं पाठकसाहेब देणार होते. त्यामुळे आमच्या दोन खोल्यांत त्यांचं नाव दिवसातून दहादा निघायचं. साहेब आज हसले, साहेब आज काही बोलले नाहीत, साहेबांनी स्वतः बोलावून खुर्चीवर बसवलं.

नाताळच्या आठ दिवस आधी शांतवन पहिल्या शिफ्टहून आले. पाय धुऊन चहा घेताना म्हणाले, "पाठकसाहेब येतो म्हणालेत नाताळला. जेवायला."

मला खरंच आनंद झाला. आमच्याकडे नाताळला जेवायला येऊन येऊन कोण येणार? आम्ही तिघंच. शांतवनच्या कंपनीतली माणसं फराळाचं ताट घ्यायची, तेही दारात उभं राहून. मी लगेच मनात बेत मांडला. कोंबडीचा रस्सा, मटार घालून पुलाव, करंज्या झाल्याच होत्या, आणि केक. केक मी वाळूत भाजायची. पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवायचा. माझ्या आईची पद्धत.

"साहेबांना कोंबडी चालते का?" मी विचारलं.

शांतवननी कप खाली ठेवला. "ते वजडी म्हणाले."

"काय?"

"म्हणाले, भिंगारदिवे, तुमच्या लोकांत वजडी फार झकास करतात असं ऐकलंय. आमच्या घरी मार्गशीर्ष चालू आहे, आणि एरवीसुद्धा कांदा-लसणाच्या पुढं मजल नाही. एकदा खाऊ घाला की, म्हणाले."

"तुमच्या लोकांत म्हणजे कुणाच्या?"

शांतवननी कप पुन्हा उचलला. त्यांना कळलं होतं, मलाही कळलं होतं. ख्रिस्ती लोकांत असा त्याचा अर्थ नव्हता. आमचे आजे-पणजे बाप्तिस्मा घ्यायच्या आधी गावाच्या कुठल्या टोकाला राहत होते, ते त्या माणसाला आडनावावरून बरोबर ठाऊक होतं, आणि त्याला जेवायचं होतं ते तिथंच.

"मी नाही करणार," मी म्हणाले. "सणाच्या दिवशी तर मुळीच नाही. कोंबडी खायची असेल तर खुशाल यावं."

"सुहासिनी, मार्च तोंडावर आलाय."

"म्हणून घरात आतडी धुवायची?"

"तू नको धुऊस. आये करील."

सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करीन की." त्या दोन शब्दांत जो उत्साह होता त्याचा मला नवऱ्याच्या लाचारीपेक्षा जास्त राग आला.

चोवीस तारखेला मी शिकवत होते त्या रहाटणीच्या शाळेला सुट्टी होती. शांतवन सकाळीच पूल ओलांडून पिंपरीला गेले आणि खाटकाकडून पिशवी घेऊन आले. कापडी पिशवी. खालून ती भिजली होती आणि रस्ताभर ठिपके पडत आले होते. घरमालक भिमाजींचं कुत्रं ते ठिपके चाटत चाटत आमच्या दारापर्यंत आलं. शांतवननी पिशवी मागच्या अंगणात, मोरीजवळ ठेवली आणि हात धुवायला माझ्याकडे साबण मागितला.

सासूबाईंनी गोणपाट अंथरलं आणि पिशवी पालथी केली. हिरवट, काळपट, ओला ढीग बदकन पडला. मी दारात उभी होते. आधी वास आला. गोठ्यातल्या शेणाला आंबूस ताकाचा वास लागावा तसा, आणि त्याच्या खाली दुसरा एक कोमट वास, ज्याला नाव देता येत नाही पण पोट ओळखतं. मी पदर नाकाला लावला. पदरालाही तोच वास आला.

"पानी आन कढत," सासूबाई म्हणाल्या. "आन चुना."

मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी पोट उभं चिरलं. आतलं अर्धवट चघळलेलं गवत भसकन बाहेर आलं, अजून हिरवं, अजून पाल्यासारखं. आतल्या कातडीला तांदळाच्या दाण्याएवढे गुलाबी ठिपके चिकटले होते. मला वाटलं कातडीच तशी असेल. मग त्यांतला एक हलला.

"आई, ते जिवंत आहे."

"असत्यात तसे. चुन्यानं जात्यात."

मी अंगणाच्या कडेला जाऊन ओकले. सकाळचा चहा होता तेवढा सगळा गेला. परत आले तेव्हा सासूबाई सुरीच्या पाठीनं पोट खरवडत होत्या. कढत पाणी, चुना, खरवड, पुन्हा पाणी. काळी साल सुटून खाली पांढरं, जाळीदार, टॉवेलसारखं काहीतरी दिसायला लागलं. मग त्यांनी आतडी घेतली. एका बारीक काडीवर चढवून ती मोजा उलटावा तशी उलटी करत गेल्या. त्यांचे हात इतके भरभर चालत होते की किळस विसरून मी बघत राहिले. साठी उलटलेली बाई, एरवी भाजी चिरतानाही हात थरथरायचे.

"तुम्हाला घाण नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटायची की. ल्हान होते तवा." त्यांनी आतड्यावर पाणी ओतलं. "गावात बकरं पडलं की मटान वर जायचं, कुलकर्ण्याच्या वाटंला न्हाई, पन पाटलाच्या न बाकी गावाच्या वाटंला. आमच्याकडं ह्ये यायचं. मग माजी आय आसंच धुवायची वढ्याला. आमी भुकंनं खाल्लं, पोरी. भुकंनं खाता खाता ग्वाड लागाया लागलं. जिभंला काय कळतंय, गरिबी कुटली न चव कुटली."

"मग आता कशाला? आता तर आपल्यावर तशी वेळ नाही."

"आता ग्वाड लागतंय म्हनून," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच जरा खट्याळ हसल्या. "चार वर्सं झाली तोंडात न्हाई."

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांच्या नखांत अडकलेला तो हिरवा चोथा दिसत होता आणि उद्या याच हातांनी त्या माझ्या करंज्यांचा डबा उघडतील एवढंच माझ्या डोक्यात आलं.

दुपारभर अंगणातल्या चुलीवर वजडी शिजत राहिली. ती लवकर शिजत नाही. तीन तास झाले तरी रबरासारखी. वास खिडकीतून आत आला, अंथरुणांत शिरला, दोरीवरच्या कपड्यांत शिरला. आत स्टोव्हवर वाळूत माझा केक भाजत होता. संध्याकाळी डबा उघडला तर केक छान फुगला होता, वर सोनेरी रंग धरला होता. मी कोपरा मोडून तोंडात घातला. लोणी, वेलची, आणि मागून हळूच वजडी. थुंकून टाकला. नंतर शांतवननी खाऊन बघितला आणि म्हणाले, "मला तर काही वास येत नाही." त्यांना त्या दिवसांत कसलाच वास येत नव्हता.

नाताळच्या सकाळी आम्ही चर्चमध्ये उपासनेला गेलो. मी नवं पातळ नेसले होते. गाणी म्हणताना शेजारची बाई जराशी सरकली असं मला वाटलं. सरकली नसेलही. पण मी केस हुंगत होते, हात हुंगत होते. पाळकांनी गोठ्यात जन्मलेल्या बाळाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि मला गोठा म्हटल्याबरोबर कालचं गोणपाट आठवलं. येशू ख्रिस्ताच्या जन्मदिवशी देवळात बसून मला मळमळत होतं. त्याचं पाप मी आजही पाठकसाहेबांच्या खात्यावर टाकते.

साहेब दीड वाजता आले. स्कूटर त्यांनी पार पिठाच्या गिरणीजवळ लावली आणि पुढच्या दारानं न येता मागच्या बोळानं आले. गोरे, नीटस, पन्नाशीचे. मिशी बारीक कातरलेली. हातात खाकी पिशवी. "मेरी ख्रिसमस, मेरी ख्रिसमस," म्हणाले. मला "वहिनी" म्हणाले, सासूबाईंना वाकून नमस्कार केला, मात्र पायांपासून वीतभर लांबून. माणूस असभ्य नव्हता हे सांगायलाच हवं. उलट गोडच होता.

"पडदा ओढता का जरा?" ते शांतवनना म्हणाले. "ऊन येतंय."

ऊन येत नव्हतं. शांतवननी पडदा ओढला.

मग साहेबांनी सदरा काढला. "वास धरतो हो टेरिकॉट," असं म्हणून तो आतल्या खोलीतल्या खिळ्याला अडकवून घेतला, आणि बनियनवर पाटावर येऊन बसले. बनियनच्या गळ्यातून जानवं दिसत होतं. खाकी पिशवीतून त्यांनी एक एक वस्तू काढली. स्टीलचं ताट. वाटी. पेला. पाण्याची बाटली. सगळं आपल्यासमोर मांडलं.

"वहिनी, राग मानू नका हं," ते म्हणाले. "घरची सवय. आमची बायको, चित्रा, फार करते सोवळंओवळं, मला आपली तीच सवय लागलेली."

मी शांतवनकडे बघितलं. ते ताटाकडे बघत होते, जणू एवढं सुंदर ताट त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

माझ्या घरातली चार चांगली ताटं मी काल रात्रीच घासून ठेवली होती. नगरहून लग्नात आलेली. त्या चारांतलं एक उचलून परत फडताळात ठेवायला मी वळले, तेवढ्यात सासूबाई पातेलं घेऊन बाहेर आल्या. वजडी, वर तेलाचा लाल तवंग, भाजलेलं खोबरं, लसूण, येसरचा मसाला. साहेबांचे डोळे पातेल्याला चिकटले. त्यांनी ताट पुढं केलं.

सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं. डाव हातातच ठेवला.

"साहेब, ते ताट पिशवीत ठिवा," त्या म्हणाल्या.

"आये!" शांतवन म्हणाले.

"का हो आजी?" साहेब हसले. "ताटानं काय होतंय?"

"काय व्हत न्हाई ना?"

"काहीच नाही."

"मग आमचं घ्या."

बाहेर भिमाजींचं कुत्रं दाराला खरवडत होतं. "साहेब, म्हातारी आहे, तिला कळत नाही," असं काहीतरी शांतवन पुटपुटले. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या रागावल्या नव्हत्या. आवाज अगदी साधा, दळण कुठं ठेवू विचारावं तसा.

"आमच्या घरी, आमच्या चुलीवरचं, माज्या हातचं खायाला आलात. ह्या हातांनी धुतलंय मी ते. ते चालतंय आन ताट चालंना, ह्ये मला न्हाई उमगत. जेवायचं आसंल तर आमच्यात जेवा. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं, आता हा माणूस उठेल. मनातून मी म्हणत होते, ऊठ. सदरा घाल आणि जा. निदान आपल्या सोवळ्याशी तरी खरा राहा. साहेब पातेल्याकडे बघत होते. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्यांनी लाळ गिळली ती मला स्पष्ट ऐकू आली.

"बरं, वाढा," ते म्हणाले. "तुमच्यात तर तुमच्यात."

मी हातातलं ताट त्यांच्यासमोर ठेवलं.

तो माणूस कसा जेवला ते मी विसरू शकत नाही. पहिला घास त्यानं डोळे मिटून खाल्ला. मग भाकरी मोडायचं भानही राहिलं नाही. आतड्याची नळी तो दातांत धरायचा आणि ओढायचा, ती ताणली जायची आणि फटकन तुटायची. रस्सा मनगटावरून कोपराकडे ओघळला तर मनगट चाटलं, कोपरापर्यंत जीभ नेली. नाक वाहत होतं, तिखटानं डोळे वाहत होते, मिशीला तेल लागलं होतं. तीनदा वाढून घेतलं. मध्येच श्वास घ्यायला थांबला आणि म्हणाला, "वा! हे तुमच्याच लोकांना जमतं, भिंगारदिवे. पिढ्यान्पिढ्यांचा हात आहे हा."

शांतवन म्हणाले, "होय साहेब."

"आमच्या घरी काय, वरण आणि तूप. माणसाचं मन मरून जातं."

शांतवन पुन्हा म्हणाले, "होय साहेब."

माझा घास हातातच राहिला होता. मला त्या वजडीची किळस येत होती, त्या माणसाची येत होती. पण हे दुसरं "होय साहेब" ऐकलं आणि माझ्या नवऱ्याची किळस आली. लग्नाच्या चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या बारीक झालेल्या आवाजाची, पाटावर अर्धं बूड टेकून बसण्याची, साहेबांची वाटी रिकामी होताच भरायला टपलेल्या त्यांच्या नजरेची. आपल्या माणसाची किळस वाईट. ती थुंकून टाकता येत नाही.

शेवटी मी केक आणला. कापून, बशीत घालून. कसाही असला तरी माझा नाताळ तेवढाच उरला होता.

साहेबांनी बशीकडे बघितलं आणि मान हलवली. "नको, नको वहिनी. अंडं असतं ना त्यात? अंड्याचा वास चित्राला लगेच कळतो."

मी बशी हातात घेऊन तशीच उभी राहिले. सासूबाई एकदम हसल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. साहेबांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

नंतर मोरीत त्यांचं धुणं सुरू झालं. कपडे धुवायचा साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. मिशी धुतली. राखुंडी मागितली, लवंग मागितली. मग दोन बोटं जिभेच्या मुळापर्यंत घालून जीभ खरवडायला लागले. खाकरणं, ओ ओ करणं, थुंकणं. आत आलेलं सगळं बाहेर काढायचं होतं, फक्त पोटातलं सोडून. दहा मिनिटं तो आवाज चालला होता. आम्ही तिघं उष्ट्या ताटांसमोर बसून ऐकत होतो.

बाहेर आले ते पुन्हा आधीसारखे, नीटस. सदरा चढवला, भांग पाडला. शांतवनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे आपल्या आपल्यात. काय?" पिशवी काखोटीला मारली. आता ते मागच्या बोळाकडे न वळता पुढच्या दारानं निघाले. शुभेच्छा द्यायला आलेला साहेब पुढच्या दारानंच जातो.

अंगणात भिमाजी बाजेवर बसले होते. काळेवाडीतलं जुनं घर, मोकळा माणूस. त्यांनी राम राम घातला. "काय साहेब, झालं का जेवान? वास तर आळीभर सुटलाय वजडीचा."

"छे छे," पाठकसाहेब म्हणाले. "मी कसला जेवतोय यांच्याकडं? सणाचं म्हणून दोन मिनिटं डोकावलो. आत उभं राहवेना हो वासानं. पाण्याचा थेंब घेतला नाही." आणि मागं वळून हसत म्हणाले, "काय भिंगारदिवे, खरं ना?"

मी दारात होते. शांतवन माझ्या पुढं, पायरीवर. ते हसले. तोंड उघडून, आवाज काढून हसले आणि म्हणाले, "खरंय साहेब."

साहेब गेले. शांतवन आत आले. मी म्हणाले, "तुम्ही हसलात."

"मग काय करू? भिमाजींसमोर भांडू?"

"गप्प बसायचं होतं."

ते मोरीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी डोकावले. ते उकिडवे बसून खराट्यानं मोरी घासत होते. साहेबांनी खाकरून टाकलेलं तिथं चिकटलं होतं. एकाच जागी घासत होते. मी त्यांच्याजवळ गेले नाही. जायला पाहिजे होतं असं आता वाटतं. तेव्हा जावंसं वाटलं नाही.

मी भांडी काढली. साहेब ज्या ताटात जेवले होते ते मी राखेनं घासलं. पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा घासलं, वर कढत पाणी ओतलं. तरी हात लावावासा वाटेना. कडेला उष्टं राहिलंय असं सारखं वाटत होतं. सरळ भंगारवाल्याला देऊन टाकावं असं मनात आलं.

सासूबाई मागं येऊन उभ्या होत्या. "कितींदा धुतीस?"

"मला नको हे ताट. त्यात त्या माणसाचं तोंड लागलंय."

"आगं," त्या म्हणाल्या, "आता तूच त्याच्यावानी करायलीस."

मला रडू आलं. रागानं आलं. म्हणाले, "ते आणि मी सारखे?"

"न्हाई. पन रस्ता त्योच हाय." त्यांनी माझ्या हातातून ताट घेतलं, पदरानं पुसलं, पातेल्यात उरलेली वजडी त्यात वाढून घेतली आणि भिंतीला टेकून बसल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. साहेबांना वाढता वाढता त्यांचं जेवायचं राहूनच गेलं होतं. शांत, हळूहळू, एकेक तुकडा चावत त्या जेवायला लागल्या. जेवताना आवाजही होत नव्हता.

मी त्यांच्याशेजारी बसले. का कुणास ठाऊक, त्यांच्या ताटातला एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला. मसाला चांगला होता. मग दातांखाली ते जाळीदार मऊ आलं. पदरात थुंकले.

"न्हाई आवडलं तर न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "जबरदस्ती थोडीच हाय. नुसतं घान म्हनू नगंस. मी खाते ना ते."

"नाही म्हणणार," मी म्हणाले.

मार्चमध्ये शांतवन कन्फर्म झाले. यादीत तिसरं नाव. त्यांनी पेढे आणले, मी एक खाल्ला. त्यांच्या कामामुळे झालं की वजडीमुळे, ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यांचं काम चांगलं होतं. स्टोअरमधला कुठला नट कुठल्या कप्प्यात आहे ते डोळे मिटून सांगायचे. त्यांचं स्वतःचं जे होतं तेसुद्धा त्या माणसानं त्यांना नीट मिळू दिलं नाही, हे मला त्या पेढ्यात लागत होतं. वर्षभर आमच्यात एक अंतर राहिलं. भांडण नव्हतं. मी त्यांना वाढायची, ते जेवायचे, आणि ते "हो" म्हणाले की माझ्या कानाला "होय साहेब" ऐकू यायचं.

पुढच्या डिसेंबरात एक दिवस ते कामावरून आले आणि बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"साहेब आज म्हणाले, यंदा पण येतो."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं.

"मी म्हणालो, साहेब, या वर्षी घरी नको. मी दुसऱ्या दिवशी मोठा डबा घेऊन येतो. कँटीनमध्ये सगळ्यांच्यात बसून जेवू. आपण दोघं एका टेबलावर."

"मग?"

"मग काही नाही. फाइल उघडली आणि म्हणाले, बघू." शांतवन बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. "मला भोसरीच्या गोडाऊनला टाकतील बहुतेक."

टाकलं. जानेवारीतच टाकलं. रोज दोन बस बदलून जायचे, पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे, निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. पाठकसाहेब त्यानंतर आमच्या दारात आले नाहीत. कुणाकडे तरी जात असतील. भूक तर होतीच.

त्या दुसऱ्या नाताळला मी कोंबडीचा रस्सा केला, पुलाव केला. मागच्या अंगणात सासूबाईंनी त्यांच्यापुरती वजडी शिजवली आणि मी खिडक्या लावून घेतल्या. शांतवन एकदा सासूबाईंच्यात जेवले, एकदा माझ्यात. रात्री त्यांच्या हाताला तो वास होता. मी तोंड फिरवून झोपले. मग थोड्या वेळानं फिरले परत.